मालिकेत न आलेला शब्द

मीरासाब शिंप्याच्या घरी टीव्ही आला, तो हातगाडीवरून दारात उतरेपर्यंतच काय तो मीरासाबचा होता. मधल्या खोलीत तिवईवर बसला, आणि गल्लीचा झाला. कुवेतला नोकरी करणाऱ्या निसारनं सुट्टीत येऊन आईवडिलांना घेऊन दिलेला तो काळा-पांढरा टीव्ही लाकडी पेटीतला होता. पुढून दोन्हीकडून सरकणारी शटरं आणि मधे कुलपाची कडी. कुलूप मात्र कधी लागलं नाही. संध्याकाळ झाली की दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, आणि कुणाची चप्पल कुणाच्या पायातून गेली याचा निवाडा दुसऱ्या दिवशी नळावर व्हायचा.

ही गोष्ट गंगावेशीजवळच्या एका गल्लीतली, शहाऐंशी-सत्याऐंशी सालाच्या सुमाराची. तेव्हा बुधवारी एक दवाखान्याची मालिका लागायची. हिंदीतली. पांढरे कोट घातलेले डॉक्टर सारखे पळत असायचे. साधं बोलणं असलं की ते हिंदीत बोलायचे, पण माणसाच्या जिवावर बेतलं की अक्षरांत बोलायला लागायचे. बीपी गिर रहा है. ईसीजी निकालो. आयसीयू में शिफ्ट करो. ओटी तैयार रखो. मग एक दार बंद व्हायचं, दारावर लाल दिवा लागायचा, आणि आत काय झालं ते पुढच्या बुधवारी.

त्या अक्षरांनी गल्लीला याड लावलं. पोरं एकमेकांना हाका मारताना आता शिव्या देत नसत. 'तुझं बीपी गिरलंय' म्हणत. आणि अर्थ विचारायला सगळी वरात यायची नीलम्माबाईंकडे.

नीलम्माबाई गडहिंग्लजकडच्या. नगरपालिकेच्या शाळेत सारी हयात शिकवून निवृत्त झालेल्या. पती चनबसाप्पा वारल्यापासून मीरासाबच्या समोरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. मराठी सफाईनं बोलत, पण पोरांना हाक मारताना तोंडात कानडीच यायचं. मुलगा असला की तम्मा, मुलगी असली की तंगी. शिकवण्याची त्यांची एक रीत होती. शब्दाचा अर्थ त्या शब्दानं सांगत नसत. हातानं करून बघितला नाही, तो शब्द आला नाही, असा त्यांचा कायदा होता. स्वतःला ठाऊक नसलं तर तालमीशेजारच्या डॉक्टरांना विचारून यायच्या, आणि आपण विचारून आलो हे पोरांना सांगायच्याही.

बीपी त्यांनी नळावर शिकवलं. गल्लीच्या वरच्या अंगाला शालूबाईंनी नळ सोडला, की खालच्या अंगाला करंगळीएवढी धार यायची. पोरांना आधी वरचा नळ बंद करून खालच्या धारेखाली हात धरायला लावला, मग वरचा सोडून. पाण्याला जसा जोर असतो, तसा आपल्या रक्तालाही असतो. तो मोजतात, ते बीपी. शालूबाई वरून ओरडल्या की शिकवायचं असलं तर स्वतःच्या नळावर शिकवा, पण धडा झाला तो झालाच.

ईसीजी मात्र मीरासाबच्या मशीनवर झाला. सोप्यातच त्याचं दुकान होतं. नीलम्माबाईंनी मीरासाबला एक पांढरी चिंधी मशीनखाली घालून सरळ शिवत राहायला सांगितलं. निसारची लेक खतिजा, दहाएक वर्षांची, तिनं एका पोराची नाडी धरली. ठोका लागला की ती 'टक्' म्हणायची, आणि 'टक्' म्हटलं की गल्लीतल्या बाळासोनं चिंधीला हळूच आडवा हिसका द्यायचा. चिंधी बाहेर आली तेव्हा सरळ टाक्यांच्या ओळीत करवतीसारखे दाते उठले होते, सारख्या सारख्या अंतरावर. मीरासाब म्हणाला की त्याच्या हयातीत एवढी वाकडी शिवण या मशीननं कधी घातली नव्हती. पण पोरं खूश. प्रत्येकाला आपापली चिंधी हवी. शेवटी खतिजा म्हणाली, आता दादीचा काढू या.

बिबीजान नळावरची घागर आत ठेवून नुकतीच टेकली होती. मीरासाबची बायको, गल्लीतल्या सगळ्या पोरांची चाची. हसत तिनं हात पुढं केला. खतिजा टक् टक् म्हणत राहिली, बाळासो हिसके देत राहिला. चिंधी बाहेर आली ती भलतीच. दोन दाते अगदी चिकटून, मग लांबलचक सरळ ओळ, मग तीन एकमेकांत गुंतलेले. पोरं हसायला लागली. बाळासो म्हणाला, खतिजाला मोजता येत नाही. खतिजा म्हणाली, याला हिसका मारता येत नाही.

नीलम्माबाई हसल्या नाहीत. त्यांनी बिबीजानचं मनगट आपल्या हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग दम लागतो का, एवढंच विचारलं. बिबीजान म्हणाली की वय झालं, लागणारच.

डॉक्टरांकडे नेलं, तिथून मोठ्या डॉक्टरांकडे. खरा ईसीजीही निघाला. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्यानं काळजातली एक झडप आवळत आणली होती. मिरजेला जाऊन ऑपरेशन करून घ्या, झडप मोकळी होईल, फार दिवस काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. बिबीजाननं सगळं ऐकून घेतलं, बुरख्याची गाठ मारली, घरी आली आणि म्हणाली की मी कुठंही जाणार नाही.

मीरासाबनं आपल्या परीनं समजावलं. कुणीतरी बाही आवळून शिवलीया समज, चार टाकं उसवून सैल करायची, येवढंच काम, असं तो म्हणाला. बिबीजान म्हणाली, "कापडाला जीव नसतो."



पुढच्या महिन्याभरात ती रात्री आडवी होईनाशी झाली. भिंतीला उशा लावून बसूनच झोपायची. नळाची घागर मेहरुन्निसा, तिची सून, आणायला लागली. एक दिवस मीरासाब टोपी हातात घेऊन नीलम्माबाईंच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, तुमचं ऐकती ती," तो म्हणाला. "माझं, पोराचं, डॉक्टरचं, कुणाचं ऐकंना. तुम्ही सांगून बघा की."

नीलम्माबाई दुपारी गेल्या. बिबीजान खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. नीलम्माबाई बोलायला सुरुवात करणार, तोच तिनं हातानं थांबवलं आणि खिडकीबाहेर बघायला सांगितलं.

बाहेर पोरांचा दवाखान्याचा खेळ रंगात आला होता. मीरासाबची बाज गल्लीत काढलेली, बाजेवर बाळासो. महंमद डॉक्टर झालेला, गळ्यात शिंप्याची टेप. खतिजाच्या हातात काठीला बांधलेली लाल चिंधी, म्हणजे ओटीच्या, ऑपरेशनच्या खोलीच्या, दारावरचा दिवा. बीपी गिरलं. ईसीजी निघाला. बाज आयसीयूत सरकली, मग ओटीत. लाल चिंधी वर झाली, आणि बाळासो मरायला लागला. मरणं हा त्याचा हातखंडा होता. आधी पाय झाडले, मग डोळे फिरवले, मग बाजेवरून अर्धा खाली लोंबकळला. चिंधी खाली आली. महंमदनं नसलेला चष्मा काढला आणि मान हलवली. सगळ्या पोरांनी गळा काढला. मग बाळासो उठला, चड्डी झटकली आणि परत पहिल्यापासून.

"रोज मरतंय ते," बिबीजान म्हणाली. "रोज बघतो मी हितनं. आन् टीव्हीत बघावं तर तिथंबी तेच. ते दार लागलं की माणूस गेला. येक तरी घरला गेलेला दाखीवला का त्यांनी? तुम्ही दाखीवलासा?"

नीलम्माबाई तांदळाच्या ताटातला एक खडा उचलून हातात घोळवत बसल्या, आणि तो हातात घेऊनच घरी आल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. बिबीजान खरं बोलत होती. गडहिंग्लजला त्यांची थोरली बहीण शांतव्वा अशीच गेली होती. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, दवाखान्यात माणूस पायानं जातं आणि खांद्यावरनं येतं. बैलगाडी जुंपायचं ठरलं तोवर उशीर झाला होता. दवाखान्यात नेलं असतं तर ती वाचली असती की नाही, हे नीलम्माबाईंना कधी कळणार नव्हतं. पण न नेण्याचं कारण काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पोरांना त्यांनी हौसेहौसेनं दवाखान्यात जायचे सगळे शब्द शिकवले. बाहेर यायचा एकही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना पायरीवर बसवलं आणि विचारलं, पेशंट बरा झाला की डॉक्टर काय म्हणतात? पोरं विचारात पडली. खतिजा म्हणाली, पेशंट डोळे उघडतो आणि गाणं लागतं. महंमद म्हणाला, नातेवाईक थँक्यू म्हणतात. पुढं? पुढं दुसरा पेशंट येतो. मालिका तिथूनच वळायची. बरा झालेला माणूस त्यांच्या काही कामाचा नसायचा.

"त्याच्या पुढं एक शब्द असतो, तम्मा," नीलम्माबाई म्हणाल्या. "डिस्चार्ज. पण तो टीव्हीत दिसत न्हाई. चला, दाखवते."

त्यांनी पोरांची रांग केली आणि पापाच्या तिकटीवरून थोरल्या दवाखान्याकडे निघाल्या. जुनी माणसं थोरला दवाखाना म्हणायची, पोरं सीपीआर म्हणायची. समोर टाऊन हॉलची बाग. तिच्या कट्ट्यावर पोरांना ओळीनं बसवून बाईंनी सांगितलं, आत जाणाऱ्यांकडे बघायचं नाही. ती माणसं आपण टीव्हीत खूप बघितली. बाहेर येणारी बघा.

पहिली आली ती राधानगरीकडची एक बाळंतीण. कानाला घट्ट फडकं बांधलेलं, सासूच्या हातात गुंडाळलेलं पोर, आणि नवऱ्यानं ऊन नसतानाही दोघींवर छत्री धरलेली. मग एक पैलवान गडी, पाय प्लास्टरमधे, दोन दोस्तांच्या खांद्यावर. आपल्याला तालमीत कोण आता काय म्हणेल, यावरून त्या दोस्तांनाच शिव्या देत होता. मग वळकटी, डबा, पाण्याचा तांब्या घेतलेलं एक अख्खं घर. मग एक शववाहिका आली आणि आवाज न करता गेली. पोरं बाईंकडे बघायला लागली.

बाईंनी ते लपवलं नाही. तेही याच दारातून जातं, म्हणाल्या. पण बघत राहा.

त्यानंतर आले कुरुंदवाडचे एक आजोबा. पोटावर पट्टा, हातात काठी. रिक्षावाल्याशी त्यांचं जुंपलं. स्टँडवर जायला कोणत्या रस्त्यानं जायचं, हे तुला मी शिकवू का, असा त्यांचा सवाल होता. भांडण एवढं वाढलं की आजोबा काठी बगलेत मारून चालतच निघाले, आणि शेवटी रिक्षावालाच विनवत त्यांच्या मागून रिक्षा हळूहळू नेऊ लागला. बाळासो कट्ट्यावर उभा राहिला.

"भांडतंय म्हंजे बरं झालंय," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. धडा त्यालाच सगळ्यांत आधी आला होता.

पण खेळ बदलायची वेळ आली तेव्हा तोच अडून बसला. मरायचं नाही तर मी करू काय, असं त्याचं म्हणणं. जगण्यात मजा काय? खतिजानं त्याला समजावलं की तू घरी जायचंस, हातगाडीवरून, वळकटी घेऊन. वाटेत रिक्षावाल्याशी भांडायचंस. भांडण म्हटल्यावर तो तयार झाला.

दुपारी खेळ लागला. लाल चिंधी वर झाली, खाली आली. महंमदनं चष्मा काढला नाही. डिस्चार्ज, असं ठणकावून म्हणाला. बाळासो हातगाडीवर बसून अख्खी गल्ली भांडत फिरला आणि मीरासाबच्या दारात येऊन उतरला. पाय उंबऱ्यावर टाकणार, तोच खतिजानं त्याला अडवलं. दवाखान्यातून आलेलं माणूस असं सरळ घरात येतं का? भाकर-तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय?

हे गल्लीतल्या सगळ्या घरांना ठाऊक. कुणी गावाहून येवो, दवाखान्यातून येवो, उंबऱ्याबाहेर थांबवायचं, भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी ओवाळून टाकायचं, मग आत घ्यायचं. वाटेत लागलेली नजर वाटेवरच राहते. यात मीरासाबचं घर आणि नीलम्माबाईंचं घर असा फरक कधीच नव्हता. खतिजानं आतून शिळ्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला आणि ओवाळायला लागली.

"उलटं ओवाळतीस," खिडकीतून आवाज आला.

बिबीजान उठली. भिंतीला हात लावत, दोनदा थांबत, दारापर्यंत आली. तुकडा खतिजाच्या हातून घेतला. बाळासोच्या डोक्यावरून, खांद्यावरून, पायापर्यंत ओवाळला, अर्धा मोडून डावीकडं फेकला, उरलेला उजवीकडं. तांब्यातलं पाणी ओंजळीनं त्याच्या डोळ्यांना लावलं, उरलेलं वाटेवर ओतलं. हे करताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. पोरं खेळ विसरली. बाळासो, ज्याला एरवी एक क्षण सरळ उभं राहता येत नसे, तो पाय जुळवून उभा राहिला होता. आपल्याला खरंच काहीतरी झालं होतं आणि ते आता गेलं, असा त्याचा चेहरा झाला होता.

"ये आत," बिबीजान त्याला म्हणाली. मग तिथंच उंबऱ्यावर दम खात बसली. समोरच्या पायरीवर नीलम्माबाई उभ्या होत्या. तिनं त्यांच्याकडं बघितलं.

"आन् माझ्यावरनं कोण ओवाळणार?"

"मी," नीलम्माबाई म्हणाल्या.

"खात्री देता, बाई? परत येतो याची?"

नीलम्माबाईंनी आयुष्यात पोरांना खोटं शिकवलं नव्हतं, आणि सगळी पोरं ऐकत उभी होती.

"न्हाई. खात्री डॉक्टरबी देत न्हाईत," त्या म्हणाल्या. "भाकरी ताजी असेल. तेवढी खात्री माझी."

बिबीजान हसली. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर तिनं मीरासाबला हाक मारली आणि मिरजेच्या गाडीची वेळ विचारली.

ऑपरेशन नेमकं बुधवारी आलं. मीरासाब आणि मेहरुन्निसा मिरजेला होते. खतिजाला नीलम्माबाईंकडे ठेवलं होतं. मालिकेच्या वेळेला रीतीप्रमाणं दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. पोरं, बाया, म्हातारी माणसं मधल्या खोलीत येऊन बसली. पण शटर सरकवायला कुणी उठलं नाही. बंद लाकडी पेटीकडे तोंड करून सगळी बसून राहिली. शालूबाईंनी येताना शेंगा आणल्या होत्या, त्याही कुणी फोडल्या नाहीत. खतिजा नीलम्माबाईंना टेकून बसली होती. तिनं एकदा हळूच विचारलं, आता लाल दिवा लागला असेल का? बाईंनी तिचं मनगट हातात घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं. ठोके सारख्या सारख्या अंतरावर येत होते. त्या दिवशी बाईंनी कुणाला काही शिकवलं नाही.

सकाळी तालमीशेजारच्या औषधाच्या दुकानात मीरासाबचा फोन आला. दुकानातला पोऱ्या धावत सांगायला आला, पण धापा टाकत असल्यानं त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. मग तो म्हणाला, चाची शुद्धीवर आली, आणि चहा मागतीया, आणि मिरजेचा चहा पाणचट आहे म्हणती.

तिला घरी आणलं तेव्हा गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. रिक्षा तोंडाशीच थांबली. बिबीजान उतरली, रिक्षावाल्याला गाडी हळू का चालवली नाहीस म्हणून झापलं, आणि बाळासोनं सगळ्यांकडे अर्थपूर्ण बघितलं. ती एकटीच चालत उंबऱ्यापर्यंत आली. चालताना थांबली नाही. नीलम्माबाई ताट घेऊन उभ्या होत्या. भाकरी तव्यावरून नुकती उतरलेली, हाताला चटका देणारी. त्यांनी तुकडा मोडला आणि ओवाळायला लागल्या, पण नजर बिबीजानच्या तोंडावरून हटेना, आणि तुकडा जाईल तिकडे जात होता.

"बाई," बिबीजान म्हणाली, "तुम्हीबी उलटंच ओवाळताय."

गल्ली हसली. नीलम्माबाईही हसल्या, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून, नीट, ओवाळायला लागल्या.

ती मालिका त्यानंतरही बरेच दिवस चालली. आता शटर बिबीजानच उघडायची. ड्रिप लावताना गार लागतं, ती पोरांना सांगायची. तोंडावर मास्क ठेवला की आकडे मोजायला लावतात. मी चारापर्यंत मोजलो, मग काय झालं ठाऊक न्हाई. ओटीतली माणसं टीव्हीतल्यासारखी ओरडत न्हाईत, हळू बोलतात, एक तर गुणगुणत होता. लाल दिवा आतून दिसतच न्हाई. पोरांना ही अक्षरं आता ऐकीव वाटत नव्हती. चाचीच्या घरातली झाली होती.

आणि दर बुधवारी मालिका यायची तिथंच यायची. पेशंट डोळे उघडायचा, गाणं लागायचं, डॉक्टर दुसऱ्या दारातून पळत सुटायचे. तेवढ्यात बाळासो मान वळवायचा, मग खतिजा, मग एकेक करत सगळीच टीव्हीकडे पाठ करून बसायची, आणि बिबीजान उशीला टेकून पुढचं सांगायला लागायची. वळकटी कुणी बांधली, रिक्षा कुठून मिळाली, गल्लीच्या तोंडाशी कोण कोण उभं होतं. ती उंबऱ्यापाशी आली की समोरच्या घरातून नीलम्माबाईंचा आवाज यायचा, ताजी भाकरी होती हेही सांग म्हणून.